आल्डो लिओपोल्ड : शिकारी, निकस शेत आणि ललितगद्य

विसाव्या शतकातील इंग्रजी निसर्गनिबंधाचा विचार करताना आल्डो लिओपोल्ड (१८८७–१९४८) या अमेरिकन वनाधिकाऱ्याचे नाव टाळता येत नाही. त्यांची वाङ्मयीन कीर्ती मुख्यतः एका ग्रंथावर उभी आहे आणि तो ग्रंथही त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. हयातीत ते ओळखले गेले ते वनसेवेतील अधिकारी, वन्यप्राणी-व्यवस्थापन या शास्त्राचे प्रवर्तक आणि विद्यापीठातील प्राध्यापक म्हणून. ते आयुष्यभर शिकारी होते, ही गोष्ट त्यांच्या निबंधांचा परामर्श घेताना पुष्कळदा बाजूला ठेवली जाते किंवा तारुण्यातील एक छंद म्हणून तिचा ओझरता उल्लेख केला जातो. वस्तुतः त्यांच्या विचारातील महत्त्वाची वळणे हरणांच्या प्रश्नाशी निगडित आहेत. हरणे वाढावीत म्हणून त्यांनी उमेदीची वर्षे वेचली. वाढलेली हरणे अरण्यच खाऊन टाकतात हे पाहिल्यावर ती मारावीत असे सांगण्याचे अप्रिय काम त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात अंगावर घेतले. या दोन टोकांमधील अंतर त्यांनी कसे कापले आणि त्या वाटचालीत एका निकस शेताचा वाटा कोणता, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या गद्याचे मर्म हाती येत नाही.

१. घराणे आणि संस्कार

लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या मिसिसिपी नदीकाठच्या गावी झाला. घराणे जर्मन वंशाचे होते आणि आल्डोची बालपणीची पहिली भाषाही जर्मनच होती. वडील कार्ल लिओपोल्ड यांचा लेखनाची मेजे तयार करण्याचा कारखाना होता. ते हौशी शिकारी होते. परंतु शिकारीवर कायद्याचे बंधन जवळजवळ नसलेल्या त्या काळात त्यांनी स्वतःवर काही बंधने घालून घेतली होती. वसंतात, विणीच्या हंगामाच्या तोंडावर, पाणपक्ष्यांची शिकार त्यांनी आपण होऊन सोडून दिली. मुलाच्या हाती त्यांनी एकनळी बंदूक दिली ती एका अटीवर : झाडावर निवांत बसलेल्या पक्ष्यावर ती झाडायची नाही. नेम साधण्याच्या कौशल्याइतकेच नेम न साधण्याचा संयम हेही शिकाऱ्याचे शिक्षण आहे, हा धडा आल्डोला लहानपणीच मिळाला. पुढे नीतिविचार मांडताना लिओपोल्ड यांनी ज्या कल्पनेवर भर दिला, ती स्वेच्छेने स्वीकारलेल्या मर्यादेची कल्पना येथे बीजरूपाने दिसते. कोणी पाहत नसताना शिकारी कसा वागतो, यावर त्याची प्रत ठरते, ही त्यांची धारणा या संस्कारातून आली.

१९०४ मध्ये आल्डो न्यू जर्सीतील लॉरेन्सव्हिल येथील शाळेत दाखल झाला. तेथून त्याने आईला पाठविलेली पत्रे पक्षी, झाडे आणि पायवाटा यांच्या नोंदींनी भरलेली आहेत. पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवण्याची ही सवय अखेरपर्यंत टिकली. त्यानंतर येल विद्यापीठातील वनविद्यालयातून त्यांनी १९०९ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. या विद्यालयाची स्थापना १९०० मध्ये गिफर्ड पिन्शो यांच्या कुटुंबाच्या देणगीतून झाली होती आणि अरण्य हे योजनापूर्वक काढावयाचे पीक आहे, ही पिन्शो यांची भूमिका तेथील शिक्षणाच्या मुळाशी होती. लिओपोल्ड त्या भूमिकेचे निष्ठावंत अनुयायी म्हणूनच बाहेर पडले.

२. नैर्ऋत्येतील वर्षे

१९०९ च्या उन्हाळ्यात ते वनसेवेत रुजू झाले आणि ॲरिझोना प्रदेशातील अपाची राष्ट्रीय वनात त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी तेथे एका कड्यावरून त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी लांडग्यांवर गोळ्या झाडल्या. सप्टेंबर १९०९ मध्ये आईला लिहिलेल्या पत्रात दोन लांडगे मारल्याची वार्ता येते, तीही इतर शिकारीच्या जोडीने, चालता-चालता सांगितल्यासारखी. त्या पत्रात खंत नाही, चिंतन नाही. बावीस वर्षांच्या वनाधिकाऱ्याला ती दिनक्रमातील एक बाब वाटली. या प्रसंगाला पुढे जे स्थान प्राप्त झाले, ते लक्षात घेता हे मौन अर्थपूर्ण आहे.

१९११ मध्ये त्यांची न्यू मेक्सिकोतील कार्सन राष्ट्रीय वनात बदली झाली आणि ९ ऑक्टोबर १९१२ रोजी सांता फे येथे एस्तेला बर्जेर यांच्याशी विवाह झाला. १९१३ मध्ये वनातील दौऱ्यावर असताना थंडी-पावसात सापडल्याने त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर विकार जडला आणि दीड वर्षाच्या आसपास सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. या काळातील वाचनाने वन्यप्राण्यांच्या ऱ्हासाचा प्रश्न त्यांच्या मनात ठाण मांडून बसला. १९१५ पासून त्यांनी न्यू मेक्सिकोत शिकाऱ्यांच्या संरक्षक संघटना उभ्या केल्या आणि ‘द पाइन कोन’ हे मुखपत्र चालविले. कायदे पाळले जावेत, राखीव क्षेत्रे व्हावीत आणि हिंस्र पशू नाहीसे व्हावेत, असा त्या चळवळीचा कार्यक्रम होता. न्यू मेक्सिकोतील अखेरचा लांडगा आणि अखेरचा प्यूमा मारला जाईपर्यंत काम पुरे होणार नाही, अशा आशयाचे प्रतिपादन त्यांनी १९२० मध्ये जाहीरपणे केले. त्यामागील हिशेब सरळ होता : लांडगा हरीण खातो, म्हणून लांडगे जितके कमी तितकी हरणे अधिक, आणि लांडगे मुळीच नसतील तर शिकाऱ्याला कशाचीच ददात नाही. त्या काळी हा हिशेब जवळजवळ सर्वमान्य होता. लिओपोल्ड यांनी तो इतरांपेक्षा अधिक संघटितपणे अमलात आणला, इतकाच फरक.

याच वर्षांत त्यांच्या विचाराचा दुसरा प्रवाहही आकार घेत होता. रस्ते आणि मोटारी यांच्यापासून मुक्त असा विस्तीर्ण प्रदेश राखावा, असा आग्रह त्यांनी धरला आणि ३ जून १९२४ रोजी न्यू मेक्सिकोतील गिला राष्ट्रीय वनाचा साडेसात लाख एकरांहून मोठा भाग वनसेवेने निर्जन अरण्य म्हणून राखून ठेवला. त्याच वर्षी ते विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे वनोत्पादन प्रयोगशाळेत गेले.

३. हिशेब चुकतो

हरणे आणि हिंस्र पशू यांचा हा सरळ हिशेब प्रथम चुकला तो ॲरिझोनातील कायबाब पठारावर. १९०६ मध्ये ते पठार शिकारीस बंदी असलेले राखीव क्षेत्र झाले होते आणि सरकारी शिकाऱ्यांनी तेथील प्यूमा, लांडगे व कायोटी मोठ्या प्रमाणावर मारले होते. मोठ्या कानांमुळे ‘म्यूल डिअर’ म्हणून ओळखली जाणारी तेथील हरणे बेसुमार वाढली, त्यांनी पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंतचा पाला ओरबाडला आणि १९२० नंतरच्या दशकातील हिवाळ्यांत ती हजारोंनी उपासमारीने मेली. या घटनेतील संख्यांविषयी नंतर वाद झाला. ग्रॅम कॉली या प्राणिशास्त्रज्ञाने १९७० मध्ये त्या आकड्यांच्या विश्वासार्हतेवर गंभीर शंका घेतली, तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पठारावरील ॲस्पेन वृक्षांच्या वयाच्या आधारे त्या काळात नवी रोपे वाढू शकली नव्हती, असे दिसून आले. आकडे संशयास्पद असले तरी घटनेचे स्वरूप लिओपोल्ड यांनी ओळखल्याप्रमाणेच होते, असा त्याचा तात्पर्यार्थ.

यानंतर गिलाच्या अरण्यातही तेच घडले. लांडगे संपले, हरणे वाढली आणि ती कमी करावयाची तर शिकारी आत पोहोचले पाहिजेत, म्हणून राखलेल्या त्या प्रदेशातून रस्ता काढण्यात आला. स्वतः पुरस्कारलेल्या एका धोरणाने स्वतःच मिळविलेल्या दुसऱ्या यशाला चीर पाडावी, असा हा विपरीत योग होता.

१९३५ च्या शरदात लिओपोल्ड जर्मनीत गेले. तेथील वनविद्या ही अमेरिकन वनशास्त्राची जननी. तेथे त्यांना ओळीने लावलेली एकाच जातीची स्प्रूसची अरण्ये आढळली. त्यांत हिवाळ्यात वैरण घालून पोसलेली हरणे होती आणि झाडांखाली झुडूप किंवा फूल शोधून सापडत नव्हते. हरणे होती, लाकूडही होते. अरण्य मात्र हरपले होते. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, मेक्सिकोतील चिवावा प्रांतात गाविलान नदीच्या खोऱ्यात धनुष्यबाणाने हरणांची शिकार करण्यासाठी ते गेले आणि १९३७ च्या अखेरीस पुन्हा गेले. तेथे लांडगे व प्यूमा नांदत होते, हरणे विपुल होती आणि तरीही डोंगरउतार शाबूत होते, झऱ्यांचे पाणी स्वच्छ होते. एका वर्षाच्या अंतराने पाहिलेल्या या दोन दृश्यांनी त्यांची विचारसरणी मुळापासून हलविली. हरणांची संख्या हा भूमीच्या आरोग्याचा निकष होऊ शकत नाही, हे त्यांना प्रत्यक्ष शिकारीच्या मुक्कामात उमगले. धनुष्ये ते स्वतः तयार करीत. एस्तेला लिओपोल्ड तर तिरंदाजीत राज्य पातळीवर अजिंक्यपद मिळविणाऱ्या होत्या. बाणाने हरीण मिळविणे अवघड असते आणि रिकाम्या हाताने परतणे ठरलेलेच. त्या अवघडपणातच शिकारीचा अर्थ आहे, ही त्यांची भूमिका वडिलांच्या संस्काराशी सुसंगत होती.

४. शास्त्र आणि शेतकरी

१९२८ मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी बंदुका व काडतुसे बनविणाऱ्या कारखानदारांच्या संस्थेसाठी मध्य-उत्तर राज्यांतील शिकारयोग्य प्राण्यांची पाहणी केली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आणि ‘गेम मॅनेजमेंट’ हा पाठ्यग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण केले. या प्रकारचे ते अमेरिकेतील पहिलेच पद होते. ज्या कुऱ्हाडीने, नांगराने, गुरांनी, आगीने आणि बंदुकीने वन्यजीवन नष्ट केले, त्याच साधनांचा विचारपूर्वक उपयोग केल्यास ते पुन्हा उभे करता येईल, हे त्या ग्रंथाचे मुख्य सूत्र आहे.

या शास्त्राचा व्यवहार समजून घेणे वाङ्मयाच्या अभ्यासकालाही आवश्यक आहे. कारण निबंधांतील प्रतिमा त्यातूनच आल्या. प्राण्याला अन्न, पाणी आणि आडोसा या तीन गोष्टी लागतात आणि त्या एकमेकींजवळ असाव्या लागतात. म्हणून सलग अरण्यापेक्षा किंवा सलग शेतापेक्षा, रान आणि शेत, गवत आणि झुडूप जेथे भेटतात त्या बांधावर, त्या काठावर, शिकारयोग्य प्राण्यांची दाटी अधिक असते. लहान जमिनीच्या मालकाला याचा अर्थ असा, की कुंपणाकडेची झुडपे तोडू नयेत, ओढ्याचा काठ गुरांपासून राखावा, कणसांची एखादी पट्टी हिवाळ्यासाठी उभी ठेवावी, तोडलेल्या फांद्यांचे ढीग सशांना व लाव्यांना आसऱ्यासाठी राहू द्यावेत. मॅडिसनजवळील रायली या वस्तीत १९३१ पासून शेतकरी आणि शहरी शिकारी यांच्या सहकाराचा प्रयोग लिओपोल्ड यांनी चालविला. शेतकऱ्यांनी जमीन द्यायची, शहरवासीयांनी पैसा व श्रम द्यायचे आणि शिकार दोघांनी वाटून घ्यायची, असे त्याचे स्वरूप होते. वन्यजीवनाचे भवितव्य सरकारी राखीव वनांत जितके ठरते त्याहून अधिक ते सामान्य शेतकऱ्याच्या बांधावर ठरते, हे त्यांना येथे पटले.

५. वाळूमातीचे शेत

१९३५ मध्ये त्यांनी सॉक परगण्यात विस्कॉन्सिन नदीच्या काठी ८० एकर जमीन विकत घेतली. धनुष्यबाणाच्या शिकारीसाठी मुक्कामाची जागा हवी, हा या खरेदीमागील एक हेतू होता. जमीन वाळूची, मक्याच्या पिकाने पिळून काढलेली आणि आधीच्या मालकाने सोडून दिलेली होती. घर जळून गेले होते. उभे होते ते एक कोंबड्यांचे खुराडे. त्यातील खत उपसून, चूल बांधून आणि बाजूला एक पडवी काढून लिओपोल्ड कुटुंबाने ते राहण्याजोगे केले. ‘द शॅक’ या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले.

पती-पत्नी आणि स्टार्कर, लुना, नीना, कार्ल व एस्तेला ही पाच मुले आठवड्याच्या अखेरीस तेथे येत आणि दर वसंतात हजारो रोपे लावीत. १९३६ च्या अवर्षणात पहिल्या लागवडीतील बहुतेक पाइन वाळून गेले. पुढील वर्षांत जी जगली त्यांचे कोवळे शेंडे ससे आणि हरणे खुडीत. ज्याने आयुष्यभर हरणांच्या वृद्धीसाठी खटपट केली, त्याला आता स्वतःच्या हाताने लावलेल्या रोपावरील हरणाच्या दातांची खूण मोजावी लागत होती. ‘गेम मॅनेजमेंट’मधील तत्त्वे येथे त्यांच्या हाताखाली होती; पण जमीन पुस्तकाप्रमाणे वागत नाही, हेही येथेच रोज दिसत होते. कोणते झाड तोडावे आणि कोणते राखावे, हा प्रश्न कुऱ्हाड हाती धरून दर हिवाळ्यात सोडवावा लागे. आणि आपल्या निवडीत शास्त्र किती आणि निव्वळ आवड किती, याची प्रामाणिक तपासणी करणारा निबंध त्यातून जन्मला.

पहाटे अंधारात उठून, कॉफीचे भांडे, वही आणि प्रकाशमापक घेऊन ते अंगणात बसत व कोणता पक्षी किती उजेडात बोलू लागला याची नोंद करीत. फुले केव्हा उमलली, हंस-बदके केव्हा परतली, बर्फ केव्हा वितळले, यांच्या १९३५ ते १९४५ या काळातील नोंदी त्यांनी एका सहकारी लेखिकेसह १९४७ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. कन्या नीना यांनी हेच काम पुढे चालविले आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दोन्ही काळांतील नोंदींची तुलना करून वसंतातील अनेक घटना पूर्वीपेक्षा लवकर घडू लागल्याचे दाखविले. कुटुंबाच्या वहीतील टिपणे तापमानवाढीचा पुरावा ठरली.

शेतावरील शिकार मात्र थांबली नाही. वुडकॉक हा लांब चोचीचा पक्षी वसंतातील सांजवेळी आकाशात घिरट्या घेत जे प्रणयनृत्य करतो, ते पाहू लागल्यापासून शरदात त्याच्यावर बंदूक उचलताना लिओपोल्ड अधिक हिशेबी झाले. पण बंदूक त्यांनी टाकली नाही. मारण्याचा हक्क आणि जाणण्याचे कर्तव्य यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न आहे. त्यांच्या वाचकांपैकी अनेकांना तो आजही अडचणीचा वाटतो आणि त्याचे समाधान ग्रंथात कोठेही सोपे करून दिलेले नाही.

६. विस्कॉन्सिनमधील हरणांचा वाद

याच सुमारास विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात जुना संघर्ष नव्या रूपाने उभा राहिला. तोडलेल्या अरण्याच्या जागी उगवलेल्या कोवळ्या रानात पांढऱ्या शेपटीची हरणे भरमसाट वाढली होती. १९१५ पासून राज्यात सामान्यतः फक्त शिंगे असलेल्या नराचीच शिकार करता येत असे. हरिणीवर गोळी झाडणे हे कायद्याच्याच नव्हे, तर लोकांच्या नीतिकल्पनेच्याही विरुद्ध होते. १९४२ मध्ये प्रदर्शित झालेल्या डिस्नेच्या ‘बॅम्बी’ चित्रपटाने या भावनेला आणखी बळ दिले. १९४२-४३ च्या हिवाळ्यात हरणे उपासमारीने मरू लागली, तेव्हा नेमलेल्या नागरिक समितीचे अध्यक्षपद लिओपोल्ड यांच्याकडे आले आणि १९४३ मध्ये राज्याच्या संरक्षण आयोगावरही त्यांची नियुक्ती झाली.

हिवाळी निवाऱ्यांची पाहणी केल्यावर समितीचा निष्कर्ष असा होता, की वैरण घालून प्रश्न सुटणार नाही. माद्या व पाडसे यांसह हरणांची संख्या कमी केली पाहिजे. त्यानुसार १९४३ मध्ये प्रथम नरांसाठी आणि नंतर बिनशिंगी हरणांसाठी असा दोन टप्प्यांचा हंगाम जाहीर झाला. त्यात सव्वा लाखाहून अधिक हरणे मारली गेली. लोकक्षोभ अनपेक्षित नव्हता, पण तो ज्या तीव्रतेने उसळला त्याला तोड नव्हती. केवळ या धोरणाला विरोध करण्यासाठी एक वृत्तपत्र निघाले आणि प्राध्यापकांच्या पुस्तकी ज्ञानाची त्यातून टर उडविली जाऊ लागली. आयोगाने माघार घेतली. लिओपोल्ड पुढे वारंवार तीच शिफारस मांडीत राहिले आणि मते त्यांच्याविरुद्ध पडत राहिली. माद्यांच्या शिकारीचा हंगाम पुन्हा उघडला तो १९४९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

या वादात त्यांची खरी अडचण विरोधकांच्या टीकेची नव्हती. हरीण म्हणजे मोलाची ठेव आणि लांडगा म्हणजे चोर, ही समजूत लोकांच्या मनात रुजविणाऱ्यांत पंचवीस वर्षांपूर्वी ते स्वतः अग्रभागी होते. आता समोर उभा असलेला जनसमुदाय त्यांच्याच जुन्या शिकवणुकीची भाषा बोलत होता. अशा वेळी शास्त्रज्ञाला नवा पुरावा पुढे करून जुन्या मताविषयी मौन पाळता येते. लिओपोल्ड यांनीही काही काळ तेच केले होते.

७. निबंधाचा जन्म

हे मौन मोडले ते एका विद्यार्थ्याच्या आग्रहामुळे. लिओपोल्ड यांचा निबंधसंग्रह तयार होत होता आणि त्यासाठी चित्रे काढावयाचे काम त्यांचे माजी विद्यार्थी, पक्षीअभ्यासक व चित्रकार अल्बर्ट होखबॉम यांच्याकडे होते. १९४४ मध्ये झालेल्या पत्रव्यवहारात होखबॉम यांनी एक उणीव नेमकी दाखविली. निबंधांतून लेखक नेहमीच शहाणा दिसतो. अरण्याच्या ऱ्हासाबद्दल तो इतरांना बोल लावतो, पण तोही एकेकाळी त्याच मार्गाने चालत होता हे सांगत नाही. लांडग्यांबाबतची स्वतःची भूमिका कशी होती, हे त्याने लिहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. काही काळ टाळाटाळ केल्यावर एप्रिल १९४४ मध्ये लिओपोल्ड यांनी ‘थिंकिंग लाइक अ माउंटन’ हा छोटासा निबंध लिहिला. ॲरिझोनातील तो कडा, नदी ओलांडून आलेली लांडगीण व तिची पिले, बेभान गोळीबार आणि मरणाऱ्या लांडगिणीच्या डोळ्यांतील हिरवट तेज मावळताना पाहणारा तरुण वनाधिकारी, असा हा प्रसंग आहे. त्यानंतर लांडग्यांविना उरलेला डोंगर आणि उपासमारीने मेलेल्या हरणांची हाडे येतात.

१९०९ च्या पत्रातील ओझरती वार्ता आणि १९४४ चा निबंध यांच्यात ३५ वर्षांचे अंतर आहे. त्या डोळ्यांतील तेज त्याच क्षणी तरुणाला काही सांगून गेले, असे निबंध वाचताना वाटते. पत्राची साक्ष वेगळी आहे. यावरून निबंध कल्पित ठरत नाही. अनुभव घडला त्या वेळी त्याला अर्थ नव्हता. कायबाब, जर्मनी, गाविलान, वाळूच्या शेतातील खुडलेले शेंडे आणि विस्कॉन्सिनमधील उपाशी हरणे यांनी तो अर्थ मागाहून पुरविला. अनुभव आणि त्याची वाङ्मयीन अभिव्यक्ती यांच्यातील कालांतराचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच कागदोपत्री सापडते.

भारतीय काव्यपरंपरेत काव्याचा उगमच शिकारीच्या प्रसंगाशी जोडलेला आहे. क्रौंचवधाच्या कथेत व्याध निराळा आणि कवी निराळा. कवीचा शोक व्याधाला दिलेल्या शापाचे रूप घेतो. लिओपोल्ड यांच्या निबंधात मारणारा आणि शोक करणारा एकच आहे. त्यामुळे शापाला जागा राहत नाही. उरते ती जबाबदारी. विस्कॉन्सिनमधील वाचकांना उपदेश करण्याचा अधिकार त्यांना मिळतो तो याच कबुलीतून, आणि या संग्रहाला नीतिप्रवचनाच्या पातळीवरून ललितगद्याच्या पातळीवर नेणारी गोष्टही हीच आहे.

हस्तलिखिताला प्रकाशक सहजासहजी मिळाला नाही. १९४४ मध्ये मॅकमिलन आणि नॉफ या दोन्ही संस्थांनी ते स्वीकारले नाही. १९४७ मध्ये नॉफने पुन्हा नकार दिला. निरीक्षणपर निबंध आवडत होते, त्यांतील विचारांची बैठक गळ्याखाली उतरत नव्हती. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये चेहऱ्यातील शिरेच्या वेदनादायक विकारासाठी लिओपोल्ड यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. अखेर १४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तक स्वीकारल्याचे दूरध्वनीवरून कळविले. त्यानंतर एका आठवड्याने, २१ एप्रिल १९४८ रोजी, शेतावर मुक्काम असताना शेजाऱ्याच्या जमिनीवर गवताला आग लागली. ती विझविण्यास गेलेले लिओपोल्ड हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावले. त्यांचे दफन बर्लिंग्टन येथे झाले. मुलगा लुना याच्या देखरेखीखाली, चार्ल्स श्वार्ट्झ यांच्या चित्रांसह, १९४९ मध्ये ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ प्रसिद्ध झाले. लिओपोल्ड यांनी योजिलेले नाव वेगळे होते.

८. मूल्यमापन

ग्रंथाची रचना त्याच्या आशयाशी एकरूप आहे. पहिल्या भागात शेतावरील बारा महिने, दुसऱ्यात इतर प्रदेशांतील आठवणी आणि तिसऱ्यात नीती, सौंदर्य व संस्कृती यांविषयीचे विवेचन आहे. लहानशा जागेतील प्रत्यक्ष कामातून विचाराकडे जाणारी ही चढण आहे. महिन्यांच्या क्रमाने निसर्ग पाहण्याची पद्धत मराठी वाचकाला दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मुळे परिचित आहे. दोन्ही ग्रंथांत परस्परप्रभावाचा प्रश्न नाही. भेद मात्र उद्बोधक आहे. ‘ऋतुचक्र’मधील दृष्टी पाहणाऱ्याची आणि स्मरणाऱ्याची आहे; लिओपोल्ड यांच्या पानांत पाहणारा सतत काहीतरी करीत असतो. तो खणतो, लावतो, तोडतो, मारतो. विजेने मेलेल्या ओकचे खोड करवतीने कापताना प्रत्येक कड्यासरशी एकेक वर्ष मागे जात राज्याच्या निसर्गसंहाराचा इतिहास सांगणारा निबंध हा या पद्धतीचा परमोत्कर्ष आहे. तेथे इतिहासाची मांडणी करवतीच्या गतीने होते आणि अखेरीस हाती येते ते सरपण.

ग्रंथाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. ज्या नदीकाठी हे शेत होते तो हो-चंक लोकांचा प्रदेश. एकोणिसाव्या शतकात त्यांना तेथून वारंवार हुसकावण्यात आले. लिओपोल्ड यांच्या पानांत त्यांचे अस्तित्व फारसे जाणवत नाही. निर्जन अरण्याची जी कल्पना त्यांनी पुरस्कारली, तिच्या अमेरिकन अनुयायांनी ती जगभर लागू करण्याचा आग्रह धरला, तेव्हा दाट वस्तीच्या देशांत तिचा भार गरीब वनवासींवर पडतो, ही टीका रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये भारतीय अनुभवाच्या आधारे केली. ती लक्षात घेता लिओपोल्ड यांच्या वारशाचे दोन भाग वेगळे करणे इष्ट ठरते. राखीव अरण्याचे पुरस्कर्ते लिओपोल्ड आणि ८० एकरांच्या निकस जमिनीवर राबणारे लिओपोल्ड यांच्यात, लहान भूधारकांच्या देशातील वाचकाला दुसरे अधिक जवळचे आहेत.

पुस्तकाला आरंभी बेताचाच प्रतिसाद मिळाला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पर्यावरणाच्या चळवळीबरोबर त्याच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि आतापर्यंत वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत. मुलांनी १९८२ मध्ये स्थापन केलेला न्यास शेताची व्यवस्था पाहतो; खुराड्याची ती झोपडी २००९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाली. स्टार्कर, लुना आणि एस्तेला ही तीन अपत्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीची सदस्य झाली. वाळूवर लावलेले पाइन आज उंच वाढलेले आहेत.

लिओपोल्ड यांच्या चरित्रातून एक वाङ्मयीन निष्कर्ष निघतो. निसर्गाविषयीचे त्यांचे गद्य टिकले, याचे श्रेय शैलीच्या सौष्ठवाला जितके आहे त्याहून अधिक ते लेखकाने स्वतःला आपल्या विषयापासून अलग न ठेवण्याला आहे. बंदूक, कुऱ्हाड आणि फावडे या तिन्ही गोष्टी त्यांच्या हातात अखेरपर्यंत राहिल्या. प्रत्येकीचा परिणाम काय झाला हे पाहण्यासाठी ते त्याच जागी परत येत राहिले. हरीण त्यांना आधी लक्ष्य म्हणून, मग पीक म्हणून आणि शेवटी भूमीचा एक घटक म्हणून दिसले. या तीन दर्शनांपैकी पहिली दोन त्यांनी पुसून टाकली नाहीत. ती तशीच शिल्लक ठेवून त्यांवर तिसरे उभे केले, म्हणून ते विश्वसनीय ठरले.